मागच्या अंकातील माझी चूक आणि कायमेरा मासा



मागच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात खालच्या कोपऱ्यात 'तुम्हांला माहीत आहे का?' अशी एक चौकट होती. ती मी लिहिली होती. तिच्यात असे होते : 'समुद्रात कायमेरा नावाचा मासा आहे. तो मुशी, ससा आणि उंदीर यांच्या मिश्रणापासून तयार झाला आहे.' अक्षर चांगले आले म्हणून मला शाबासकीही मिळाली. पण पालकसभेच्या दिवशी माझ्या मैत्रिणीचे आजोबा चष्मा लावून सगळे भित्तिपत्रक वाचत उभे होते. त्यांना आम्ही सगळीच आबा म्हणतो. त्या चौकटीपाशी ते थांबले आणि म्हणाले, "हे कुणी लिवलंय?"

मी पुढे झाले. आबा म्हणाले, "पोरी, घोडी आन् गाढवाचं खेचर हुतंय, ते म्या बघितलंय. पर गाय आन् म्हशीचं बी कधी जमत न्हाई. मग माशाचं आन् सशाचं कसं जमलं गं?"

सगळी हसली. माझे कान गरम झाले. काही उत्तरच सुचेना. गुरुजी म्हणाले, "आबांचं बरोबर आहे. वाक्य तुझं आहे, तेव्हा दुरुस्तही तूच कर." म्हणून हा लेख. पंधरा दिवस मधल्या सुट्टीत गुरुजींनी मला शाळेच्या संगणकावर चित्रे आणि चित्रफिती दाखवल्या. इंग्रजी मजकूर ते मराठीत सांगत आणि मी वहीत उतरवून घेई.

चूक कशी झाली ते आधी सांगते. ती नावामुळे झाली. ग्रीस देशाच्या जुन्या गोष्टींत कायमेरा नावाचा एक भयंकर प्राणी आहे. त्याचे पुढचे अंग सिंहाचे, मधले शेळीचे आणि शेपूट म्हणजे साप. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली या माशाला तेच नाव दिले, कारण मासा दिसायला अगदी विचित्र. पुढे इंग्रजीत कोणी याला रॅबिट फिश म्हणजे ससा मासा म्हणू लागले, कोणी रॅट फिश म्हणजे उंदीर मासा, तर कोणी घोस्ट शार्क म्हणजे भुताची मुशी. ही सगळी नावे मी एका ठिकाणी वाचली आणि मला वाटले, झालेच की मिश्रण! आता विचार करते तेव्हा हसू येते. वटवाघळाच्या नावात वाघ आहे, म्हणून काय ते वाघापासून झाले?

तर खरा कायमेरा कसा असतो?

आपण खातो त्या रोहू-कटल्याला हाडे असतात. काटा घशात अडकतो तो त्यामुळेच. पण मुशी आणि पाकट यांच्या अंगात हाड नसते, कूर्चा असते. कूर्चा म्हणजे काय ते कळायला आपला कान वाकवून बघा. वाकतो, पण मोडत नाही. कायमेराचा सांगाडाही असाच कूर्चेचा. म्हणून तो मुशीच्या नात्यातला. पण मुशी ही काही त्याची आई नव्हे, फार तर चुलत बहीण. एका घरात दोन भावांच्या वाटण्या होतात आणि मग दोन्ही घरे आपापल्या परीने वाढत जातात, तसे यांचे झाले. ही वाटणी झाली सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा डायनोसॉर नव्हते, आणि आपल्या डोंगरांचा काळा दगडही नव्हता. तो दगड ज्या लाव्ह्यापासून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला.

आज कायमेराच्या पन्नासाहून जास्त जाती आहेत. मुशी आणि पाकट यांच्या मिळून हजारावर. म्हणजे एका भावाचे गोकुळ आणि दुसऱ्याचे घर लहान. कायमेराची तीन कुळे आहेत. एकाचे नाक आखूड, दुसऱ्याचे भाल्यासारखे लांब, आणि तिसऱ्याचे नाक पुढे येऊन खाली वळलेले, नांगराच्या फाळासारखे. या तिसऱ्याला इंग्रजीत एलिफंट फिश म्हणजे हत्ती मासा म्हणतात, पण मला नांगर जास्त पटला. तो नाकाने तळाची वाळू-चिखल चाचपतो आणि आतले शिंपले हुडकतो.

कायमेराचे कातडे गुळगुळीत असते. मुशीचे कातडे उलटे चोळले तर पॉलिश कागदासारखे खरखरीत लागते, तसे याचे नाही. डोके मोठे, डोळे मोठे, आणि मागे निमुळते होत गेलेले शेपूट. उंदीर मासा हे नाव त्या शेपटावरून पडले. मुशी शेपूट हलवून पोहते. कायमेरा मात्र छातीजवळचे दोन मोठे पर पाखरासारखे वरखाली हलवतो. चित्रफितीत तो अंधारातून येताना पाहिला तेव्हा आमच्या वर्गातली दोन मुले म्हणाली, "हा तर उडतोय!" अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे येथील सागरी संशोधन संस्थेने २०१६ साली निळसर रंगाच्या, टोकदार नाकाच्या एका कायमेराची अशी चित्रफीत प्रसिद्ध केली. माणूस बसलेला नसलेले, वरच्या जहाजावरून चालवलेले यंत्र खाली सोडून ती काढलेली आहे.

यंत्रच का सोडावे लागते, तर खोली. आमच्या मळ्यातली विहीर आठ परस आहे, म्हणजे सुमारे पन्नास फूट. तिच्यात वाकून बघितले तरी मला भीती वाटते. बहुतेक कायमेरे २०० मीटरपेक्षा खोल राहतात आणि काही अडीच हजार मीटरपर्यंत जातात. दीड हजार मीटर धरले तरी आमच्यासारख्या शंभर विहिरी एकीखाली एक ठेवाव्या लागतील. हजार मीटरच्या खाली सूर्याचा उजेड पोहोचतच नाही. आणि पाण्याचा भार किती, तर हजार मीटरवर एका चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, शंभर किलो. नखावर ज्वारीचे एक क्विंटलचे पोते!

मग मासा चिरडत कसा नाही? मलाही हाच प्रश्न पडला. गुरुजींनी एक रिकामी आणि एक पाण्याने काठोकाठ भरलेली प्लॅस्टिकची बाटली आणून दोन्हींची झाकणे घट्ट लावली आणि दाबायला सांगितले. रिकामी लगेच चेपली, भरलेली चेपेना. हवा दबते, पाणी फारसे दबत नाही. रोहूसारख्या माशाच्या पोटात तरंगायला हवेची पिशवी असते. कायमेराला ती नाहीच. त्याच्या अंगात पाणी आणि तेल, हवा नाही. ते तेल त्याच्या यकृतात असते. यकृत म्हणजे बोकडाची आपण कलेजी म्हणतो ते. आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो ना, तसे हे तेल पाण्याहून हलके असल्यामुळे मासा तळाला जाऊन बसत नाही. या तेलाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

अंधारात याचे काम कसे चालते? मोठे डोळे आहेतच. मांजराच्या डोळ्यांसारखे ते उजेड पडला की चमकतात. शिवाय डोक्यावर आणि अंगावर बारीक रेषा असतात. जवळून पाहिले तर गोधडीला टाके घातल्यासारख्या दिसतात. कुणीतरी डोके तुकड्या-तुकड्यांतून शिवून काढले आहे असेच वाटते. (माझ्या 'मिश्रणाला' इथेही थोडा आधार मिळाला असता!) पण त्या रेषा म्हणजे शिवण नव्हे. त्या पन्हळी असून त्यांच्यातून त्याला पाण्याची हालचाल समजते. आणि नाकाभोवती बारीक छिद्रे असतात, त्यांनी त्याला वीज समजते. कुठलाही जिवंत प्राणी हालचाल करतो तेव्हा त्याच्या अंगात अगदी थोडी वीज निर्माण होते. चिखलात लपलेला खेकडा त्यामुळे सापडतो.

आता सशाचे दात. मुशीचे दात पडतात आणि मागून नवे येतात, जन्मभर. कायमेराच्या तोंडात वर चार आणि खाली दोन अशा सहा दातांच्या पाट्या असतात. त्या पडत नाहीत. झिजतात आणि वाढत राहतात. सशाचे पुढचे दातही असेच वाढत राहतात, आणि समोरून पाहिले तर दोघांचे तोंड थोडे सारखे दिसते. एवढाच सशाचा संबंध! कायमेराचा वरचा जबडा कवटीला पक्का चिकटलेला असतो. त्यामुळे शिंपला आणि खेकड्याचे कवच त्याच्या तोंडात अडकित्त्यातल्या सुपारीसारखे फुटते. शास्त्रज्ञांनी या गटाला 'होलोसेफली' म्हणजे अखंड डोक्याचे असे नाव दिले ते या जबड्यावरूनच.

मला सगळ्यांत नवल वाटले ते पोटाचे. गाईच्या पोटाचे चार कप्पे आपण सहावीत शिकलो. या माशाला जठर एकही नाही. घास घशातून थेट आतड्यात जातो. आतड्यात जिन्यासारखी गोल गोल फिरणारी पडदी असते. तिच्यामुळे अन्न हळूहळू उतरते आणि तेवढ्यात पचते.

बाकीचे भराभर सांगते. मुशीच्या गालामागे कल्ल्यांच्या पाच ते सात फटी उघड्या दिसतात. कायमेराचे कल्ले झाकणाखाली असतात आणि बाहेर एका बाजूला एकच फट दिसते. पाठीवरच्या पहिल्या पराच्या पुढे एक उभा काटा असतो आणि तो विषारी असतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काही सील प्राणी हा मासा गिळून, काटा आत रुतल्यामुळे मेलेले सापडले आहेत. नराच्या कपाळावर एक लहान दांडी असते आणि तिच्या टोकाला आकड्यांच्या ओळी असतात. विणीच्या वेळी मादीला धरून ठेवायला तिचा उपयोग होतो. हे आकडे कातड्याचेच खवले असतील असा समज होता. २०२५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तपासून दाखवले की ते खरेखुरे दात आहेत, तोंडातल्या दातांसारखेच हिरडीतून येणारे. कपाळावर दात! हे माझ्या चौकटीत असते तर आबांनी मला घरी पाठवले असते, पण हे खरे आहे.

आता इतक्या जुन्या काळचे आपल्याला कसे कळते? दगडांवरून. मेलेला प्राणी चिखलात पुरला जातो आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो. त्याला जीवाश्म म्हणतात. हाडाचा जीवाश्म चांगला टिकतो, पण कूर्चा मऊ असल्यामुळे बहुधा कुजून जाते. म्हणून कायमेराच्या पूर्वजांचे दातच जास्त सापडतात, आणि नुसत्या दातावरून मासा ओळखणे म्हणजे नुसत्या चाकावरून गाडी ओळखण्यासारखे.

पण १९८० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या कारू नावाच्या कोरड्या मुलुखात एक गोष्ट घडली. तिथल्या एका शेतकऱ्याला दगड-जीवाश्म जमवायचा नाद होता. त्याने आपल्या शेतातला एक गोटा फोडला आणि आत माशाची कवटी निघाली, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीची. तिला ड्वायकासेलाकस असे नाव दिले. सगळ्यांना वाटले ही मुशीच्या जातीची. पुढे शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ती कवटी सीटी स्कॅनमध्ये घातली, म्हणजे दवाखान्यात डोक्याचा आतला फोटो काढतात तसा काढला, आणि २०१७ साली सांगितले की आतली मेंदूची पोकळी मुशीसारखी नाही, कायमेरासारखी आहे. बाहेरून मुशी, पण भावकी कायमेराची! गुरुजींनी हे सांगितले त्या दिवशी आम्ही चौघीजणी बांधावरचे गोटे फोडत बसलो होतो. आमच्याकडचा दगड लाव्ह्याचा आहे, त्यात मासा कुठून येणार? नुसताच घाम आला.

दुसरा एक नातलग म्हणजे हेलिकोप्रिऑन. त्याच्या दातांचे वेटोळे सापडते, हुबेहूब चकलीसारखे. १८९९ साली रशियात त्याला नाव दिले गेले, पण ही चकली तोंडात होती, नाकावर होती की शेपटावर, यावर शंभर वर्षे वाद चालला. २०१३ साली सीटी स्कॅननेच ठरवले की ती खालच्या जबड्यात होती आणि हा मासा कायमेराच्या गणगोतातला होता. असे नाना तऱ्हेचे नातलग तेव्हा उथळ समुद्रातही पुष्कळ होते. ते बहुतेक सगळे नाहीसे झाले. उरले त्यांतले बरेचसे आज खोल पाण्यात आहेत.

आता जनुकांबद्दल. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याचे शरीर कसे बांधायचे याच्या सूचना असतात. त्या सूचना आईबापांकडून पिलांकडे उतरतात. वहीवरून वही उतरवताना एखादे अक्षर चुकते, तशा यातही थोड्या चुका होतात आणि त्या साठत जातात. सिंगापूरचे शास्त्रज्ञ डॉ. बी. वेंकटेश आणि त्यांचे सहकारी यांनी ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातील हत्ती माशाच्या सगळ्या सूचना वाचून २०१४ साली प्रसिद्ध केल्या. तोपर्यंत अभ्यासलेल्या सगळ्या कण्याच्या प्राण्यांत या माशाच्या सूचना सर्वांत सावकाश बदललेल्या निघाल्या. शिवाय हाड घट्ट करणाऱ्या जनुकांचा एक गटच त्यात नव्हता. त्या गटातले एक जनुक त्यांनी झेब्रा माशात बंद पाडून पाहिले. हा झेब्रा मासा आपल्या देशातल्या ओढ्यांत राहणारा, बोटाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा आहे. जनुक बंद पाडल्यावर त्याच्या पिलांची हाडे नीट तयार होईनात. म्हणजे मुशीला आणि कायमेराला हाड का नाही, याचा एक धागा हाती आला.

इथे मी पुन्हा चुकणार होते. वहीत मी लिहिले होते, 'हा मासा ४० कोटी वर्षांत बदललाच नाही.' गुरुजींनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारले, "मग जठर कुठं गेलं?" कारण याच्या पूर्वजांना जठर होते असेच शास्त्रज्ञ मानतात, आणि जठरातले आम्ल तयार करणारी जनुके हत्ती माशात आता सापडत नाहीत. ती हरवली. म्हणजे सावकाश बदलणे वेगळे आणि न बदलणे वेगळे. कपाळावरचे दात, पाखरासारखे पोहणे, चिकटलेला जबडा यांतले काहीच त्याने सशाकडून किंवा उंदराकडून घेतलेले नाही. ससा आणि उंदीर तर फार उशिरा आले. जे आहे ते त्याचे स्वतःचे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच वंशात घडत आलेले.

हा लेख मी फळ्यावर लावण्याआधी आबांना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. सगळे ऐकल्यावर त्यांनी विचारले, "मग ह्येचा उपेग काय? खात्यात का कोण?"

खातात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात हत्ती मासा तळून, बटाट्याच्या फोडींबरोबर विकतात. पण पुष्कळ ठिकाणी याला धरतात ते यकृताच्या तेलासाठी. पूर्वी बंदुकांना आणि नाजूक यंत्रांना ते वंगण म्हणून घालत. आपल्या देशातही हा मासा येतो. आपल्या कोकणाला लागलेला जो अरबी समुद्र, त्याच्याच खोल भागात विळ्यासारख्या परांचा, लांब नाकाचा एक कायमेरा आहे. केरळात कोचीच्या बंदरावर खोल समुद्रातल्या मुशी आणणाऱ्या बोटींतून तोही उतरतो आणि त्याचेही तेल काढतात.

आबांनी विचारले, "पिलं किती घालतो?"

मादी एका वेळी दोनच अंडी घालते. चामड्यासारख्या पिशवीत एकेक अंडे, सूत कातायच्या चातीसारखे मधे फुगीर. ती तळाच्या चिखलात टाकून ती निघून जाते. पिलू बाहेर यायला जातीप्रमाणे सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागतो. रोहूची मादी एका हंगामात लाखो अंडी घालते.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या नदीतला वाम असाच गेला. आधी जाळ्यात पाच-पाच यायचं. मग येक. मग पोरांला नाव बी ठावं न्हाई." मग त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "समुद्राच्या तळाला जाऊन मोजणार कोण, किती उरलं ते?"

याचे उत्तर मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, बंदरावर जे उतरते ते मोजतात, त्यावरून अंदाज करतात. कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे, तिथले लोक बंदरावर जाऊन कोणती जात, किती लांब, नर की मादी अशा नोंदी करतात. बोटीत हा मासा बहुधा इतर माशांच्या ढिगात येतो. म्हणून मोजणाऱ्याला आधी तो ओळखता आला पाहिजे. चार पाट्या वर, दोन खाली, एका बाजूला एकच फट, पाठीवर काटा, शेपूट उंदरासारखे.

मागच्या अंकातली चौकट मी काढून टाकली आहे. तिच्या जागी आज नवी लावली आहे, ती अशी :

'तुम्हांला माहीत आहे का? कायमेरा हा खोल समुद्रातला, हाड नसलेला मासा आहे. तो मुशीच्या नात्यातला आहे, पण त्याचा वंश सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. तो कोणाचेही मिश्रण नाही. (मागील अंकातील मजकूर चुकीचा होता. चूक आबांनी दाखवली.)'